मुद्देमालातला भाला

भाला म्हटलं की माणसं दोन पावलं मागे सरतात. मित्रांनो, तुम्ही सरू नका. मी आता म्हातारा झालो आहे. माझ्या पात्यावर गंजाचे पापुद्रे धरले आहेत, आणि बीडच्या कचेरीमागच्या मालखान्यात एका खुंटीला सुतळीनं बांधून मला टांगलेलं आहे. सुतळीत पत्र्याचा एक बिल्ला ओवला आहे. त्यावर माझं नाव नाही, 'मुद्देमाल' एवढंच लिहिलं आहे. मुद्देमाल म्हणजे गुन्ह्यात सापडलेली वस्तू. गुन्हा काय झाला आणि कसा झाला, हे मला आजवर कुणी विचारलं नाही. तुम्ही निवांत बसला आहात, तर ऐका.

माझा जन्म धारूरच्या किल्ल्याखाली एका लोहाराच्या भट्टीत झाला. बालाघाटच्या डोंगरापासून पार समुद्रापर्यंत तेव्हा एकाच बादशहाचा अंमल होता, आणि त्या अंमलाला लोक नुसतं 'तख्त' म्हणत. तख्ताकडे हत्ती होते, घोडे होते, तोफा होत्या. पण शत्रू खरा घाबरायचा तो जागत्या हत्यारांना. साधं हत्यार मुकं असतं. हातात जेवढं बळ तेवढंच त्याचं काम. जागत्या हत्याराचं तसं नसतं. त्याच्या लोखंडात लोहार मंत्र कोंडतो, आणि मग माणसाच्या बळानं जे कधी होणार नाही असं एखादं काम ते हत्यार करतं.

मला घडवलं उत्तरेश्वर लोहारानं. जागतं हत्यार घडवताना ते लोहाराचंही काहीतरी घेऊन जातं. कुणाची बोटं जात, कुणाची झोप जाई. माझ्या वेळी उत्तरेश्वराचा आवाज गेला. शेवटचा घण घालून त्यानं बायकोला हाक मारायला तोंड उघडलं, आणि तोंडातून नुसता वारा बाहेर आला. त्याची बायको बायनाबाई पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होती. तिनं नवऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"मेल्या," ती मला म्हणाली, "माणसाचा आवाज खाऊन बसलास. आता काय करनार हाईस त्याचं?"

माझ्यात कोंडलेला मंत्र असा होता: माझं टोक ज्या खडकावर टेकेल तो खडक फुटेल. किल्ल्यांचे तट फोडायला तख्तानं मला करवून घेतलं होतं.

मला ज्याच्या हाती दिलं त्याचं नाव हरिबा. दिंद्रुडच्या वरच्या अंगाला, माळावर मेंढपाळांची एक वाडी आहे. तिथला तो. मेंढरं राखता राखता फौजेत भरती झालेला, उंच, काटक, मोजकं बोलणारा. त्याच्या तळहाताला लोकरीचा वास यायचा, तो फौजेत राहूनही गेला नाही.

आम्ही दोघं बऱ्याच मोहिमांवर गेलो. त्यातली एक सांगतो, कारण पुढे तीच आमच्या अंगाशी आली. दूरच्या एका डोंगरी किल्ल्याला तख्ताच्या फौजेचा वेढा पडला होता. तट पाडला असता तर दगडमाती आपल्याच माणसांवर कोसळली असती. म्हणून सरदारानं हुकूम केला की तट राहू द्या, हौद फोडा. किल्ल्यावरचा पाण्याचा हौद कातळात कोरलेला होता आणि त्याची एक भिंत बाहेरच्या कड्याला लागून होती. हरिबा कडा चढला. त्यानं माझं टोक कातळाला टेकवलं. कातळ उभा चिरला, आणि किल्ल्याचं सगळं पाणी आमच्या डोक्यावरून दरीत गेलं.

काही दिवसांनी किल्ल्याचा दरवाजा आतूनच उघडला. बाहेर आलेली माणसं भिंतीला धरून येत होती. बायकांनी हौदाच्या तळाचा चिखल फडक्यात बांधून आणला होता आणि ते फडकं लेकरांच्या ओठांना लावत होत्या. बादशहानं माझ्या पात्याला सोन्याची तार गुंडाळली आणि हरिबाला पागोटं बांधलं. गावाकडे परतताना हरिबानं ती तार सोडवली आणि वाटेतल्या एका देवळाच्या पायरीवर ठेवून दिली. त्या मोहिमेबद्दल तो घरी कधी एक शब्दही बोलला नाही.

पुढे तो बादशहा वारला आणि दुसरा तख्तावर बसला. शत्रू उरला नव्हता, म्हणून त्याला आपल्याच माणसांची भीती वाटू लागली. त्यानं कायदा केला. गावोगाव दवंडी फिरली: "कोणीही इसम जागतं हत्यार बाळगणार नाही. जिथं सापडेल तिथं ते तख्ताचं. बाळगणाऱ्याला कैद." लोकांनी मुकाट्यानं हत्यारं नेऊन दिली. हरिबानं मात्र मला दिलं नाही. माझ्या टोकावर त्यानं लोकरीचा गोळा बांधला आणि घोंगड्यांच्या थप्पीमागे मला उभं केलं.

"सरकारला देऊन का टाकत न्हाई?" त्याच्या लेकीनं, रतनबाईनं विचारलं होतं. नवरा वारल्यापासून ती बापाकडेच राहत होती.

"दिलं तर कुना दुसऱ्या सरदाराच्या हातात जाईल," हरिबा म्हणाला. "आन् परत कुठं कायतरी फुटंल. हितं असलं तर फुटनार न्हाई."

मी कितीतरी वर्षं त्या घोंगड्यांमागे होतो. मला वाईट वाटत नव्हतं. मेंढरांचा आवाज यायचा, चुलीचा धूर यायचा, रतनबाई जात्यावर बसली की जमीन हलकेच थरथरायची.

मग लागोपाठ कोरडे पावसाळे आले. आभाळ भरून यायचं, वारा सुटायचा, आणि ढग गोदावरीकडे निघून जायचे. सिंदफणेच्या पात्रात लोक वाळू उकरून वाटीवाटीनं पाणी भरू लागले. वाडीच्या विहिरीचा तळ उघडा पडला. तळाला काळा पाषाण होता, त्यावर पहारी वाकायच्या. हरिबाची मेंढरं आधी चालायची थांबली, मग उठायची थांबली. एके दुपारी रतनबाई विहिरीवरून रिकामी घागर घेऊन आली, ती दारात पालथी घातली आणि तिच्यावर बसून राहिली.

हरिबा उठला. घोंगड्या बाजूला केल्या, माझ्या टोकावरची लोकर सोडली आणि दोराला धरून विहिरीत उतरला.

मित्रांनो, मला खडकाखालचं पाणी ऐकू येतं. हे मला स्वतःलाही त्या दुपारीच कळलं. तोवर लढाईत माझ्याभोवती इतका आवाज असायचा की त्याखालचं काही ऐकूच आलं नव्हतं. हरिबानं मला टेकवलं आणि पाषाणाला बोटभर चीर गेली. आधी करंगळीएवढी धार आली. मग ती मनगटाएवढी झाली. हरिबा गुडघाभर पाण्यात उभा होता आणि वर बघून हाका मारत होता, "रतन, घागर सोड! घागर सोड ग!"

असली गोष्ट लपून राहत नाही. चार दिवसांत सुंदरराव माळ चढून आले. सुंदरराव दिंद्रुडचे बागाईतदार, पुढारी. कापसाची सोसायटी त्यांनीच काढली होती, आणि माणसं एकत्र आली की कुठलंही काम होतं असा त्यांचा मनापासून विश्वास होता. ते विहिरीत डोकावले. मग हरिबाच्या अंगणात येऊन बसले.

"हरिबा, भाला जागता हाय ना?"

हरिबानं पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढे सरकवला.

"मी सांगायला जानार न्हाई कुनाला. पर आज वाडी प्याली. खाली दिंद्रुड हाय, तेलगाव हाय. चोरून किती हिरी फोडचाल? कुनीतरी बोलंलच."

"मंग काय करू, मालक?"

"उघड करू. कायद्यात काय म्हनलंय? 'कोणीही इसम.' सोसायटी इसम न्हाई. घरटी एक सभासद करू, भाला सोसायटीच्या नावावर चढवू. मंग ते हत्यार न्हाई, अवजार. नांगर असतो तसं."

रतनबाई चुलीपाशी बसली होती. ती तिथूनच म्हणाली, "मालक, तख्ताला नांगर आन् भाला येगळा दिसत न्हाई व्हय? दिसतो. त्येला आपलं घर दाखवू नका."

"रतनबाई, लपवलं तर एक वाडी जगंल. उघड केलं तर तालुका जगंल."

हे त्यांचं बोलणं खरं होतं आणि रतनबाईचंही खरं होतं. हरिबानं पागोटं काढून मांडीवर ठेवलं, डोकं खाजवलं, आणि म्हणाला, "करा सोसायटी."

त्यानंतरचे काही आठवडे माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले. 'खडकपाणी सहकारी सोसायटी' असं नाव ठरलं. ज्याच्याकडे द्यायला काही नव्हतं त्यानं अंगमेहनत द्यायची, तोच त्याचा भाग. तीन गावांच्या शिवा मिळतात तिथं मोठी विहीर घ्यायचं ठरलं. जागा मीच दाखवली म्हणा ना. हरिबा माझं टोक मातीला टेकवत चालला, आणि जिथं खाली मला पाण्याचा आवाज आला तिथं मी त्याच्या हातात थरथरलो. लोकांनी कुदळी घातल्या. माती निघाली, मुरूम निघाला. छबुबाई नावाची एक म्हातारी रोज भाकरीचं टोपलं घेऊन यायची. तिनं एकदा माझ्या पात्याला हळदकुंकू लावलं. आजवर माझ्या पात्यावर लाल रंग यायचा तो एकाच गोष्टीचा.

खाली पाषाण लागला. हरिबा मला घेऊन पुढे झाला, पण सुंदररावांनी त्याचा दंड धरला.

"परवाना येऊ द्या, हरिबा."

"मालक, एक घाव लागतोय. पानी हितंच हाय, हातभर खाली."

"एका घावापायी समदं बुडवू नका. भाला सोसायटीच्या नावावर चढवायचा अर्ज बीडला गेलाय. चार दिस थांबा."

आम्ही थांबलो. परवान्याऐवजी अंमलदार आला. घोड्यावरून उतरला, मागे शिपाई होते. माणूस उर्मट नव्हता. त्यानं छबुबाईच्या हातची भाकरी खाल्ली, विहीर पाहिली, खोदाईची तारीफ केली. मग रुमालानं तोंड पुसत विचारलं, "भाला कुणाचा?"

"सोसायटीचा," सुंदरराव म्हणाले. "सोसायटी इसम नाही साहेब, कायद्याप्रमाणे—"

"बरोबर आहे तुमचं. सोसायटी इसम नाही. पण सोसायटीला भाला दिला कुणी?"

विहिरीच्या काठावरच्या माणसांनी सुंदररावांकडे पाहिलं. सुंदररावांचा चेहरा उतरला. एवढी एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली नव्हती.

"म्या दिला," हरिबा म्हणाला.

"म्हणजे देण्याआधी तो तुझ्याकडे होता. तू इसम आहेस की नाहीस?"

"हाय की," हरिबा म्हणाला.

शिपायांनी त्याचे हात बांधले आणि मला गोणपाटात गुंडाळलं. जाताना मला खाली, त्या काळ्या पाषाणाच्या पोटात, पाणी वाहताना ऐकू येत होतं.

खटला बीडच्या कचेरीत उभा राहिला. तारखांमागून तारखा पडल्या. सुंदरराव प्रत्येक तारखेला हजर. त्यांनी गहिनीनाथ नावाचा वकील दिला होता. तरणाबांड, हुशार माणूस, आमच्याच मुलखातला.

गहिनीनाथ उभा राहून म्हणाला, "हुजूर, खंडेनवमीला आपण तलवार आणि नांगर एकाच पाटावर मांडून पूजतो. ज्याच्यानं जीव जगतो ते अवजार. या भाल्यानं एक वाडी जगवली."

न्यायाधीश वयस्कर होते. त्यांचे डोळे थकलेले होते, पण ते प्रत्येकाचं नीट ऐकून घेत. "पूजेत दोन्ही एका पाटावर असतील," ते म्हणाले. "कायद्यात त्यांची पानं वेगळी आहेत."

मग सरकारी वकिलानं त्या डोंगरी किल्ल्याची गोष्ट काढली. भर कचेरीत त्यानं हरिबाला विचारलं, "तिथला हौद कुणी फोडला?"

"म्या."

"कशानं?"

हरिबानं टेबलावर ठेवलेल्या माझ्याकडे बोट केलं. मागे बसलेल्या रतनबाईनं पदर तोंडाला लावला. तिला हे नवीन होतं.

गहिनीनाथानं ओळखलं की अवजाराचा मुद्दा आता टिकत नाही. त्यानं दुसरी वाट धरली. "हुजूर, ती जुनी गोष्ट. मंत्र झिजतो. आज हे मुकं लोखंड आहे. वाडीच्या विहिरीला पाणी लागलं ते नशिबानं लागलं. मुकं लोखंड बाळगणं गुन्हा नाही."

"मग पारख करू," न्यायाधीश म्हणाले. कचेरीच्या अंगणात काळ्या दगडाची मोठी फरसबंदी होती. तिथं हरिबानं भाला मारायचा. दगड फुटला तर हत्यार जागतं, नाही फुटला तर मुकं.

अंगणात जाताना गहिनीनाथ हरिबाच्या कानाशी लागला. "टोक टेकवू नका. आडवा मारा. ठण्णकन वाजंल आन् संपंल. मुकं म्हणून भाला परत देतील. मग गावाकडं नेऊन एक घाव काय, धा घाला. कळलं का?"

हरिबानं मान हलवली. त्याला कळलं होतं. मलाही कळलं होतं. सुंदररावांच्या चेहऱ्यावर फार दिवसांनी उजेड आला होता.

अंगण माणसांनी भरलं होतं. मांजरसुंब्याच्या घाटात दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या बायका पाण्याची गाडी मागायला आल्या होत्या. गाडी कालही आली नव्हती, परवाही आली नव्हती. त्या सावलीला भिंतीलगत बसल्या होत्या. एकीच्या मांडीवरचं लेकरू तिच्या हातातलं तांब्याचं कडं चाटत होतं. तांबं गार लागतं ना, म्हणून.

शिपायानं मला हरिबाच्या हातात दिलं. फरशीखाली पाणी होतं, ते ऐकून मी त्याच्या हातात थरथरलो. त्यानं मला आडवं धरलं. ठरल्याप्रमाणे तो आडवाच मारणार होता, त्याच्या मनगटाची शीर तशीच ताणलेली मला कळत होती. मग त्यानं मान वर केली आणि त्याची नजर भिंतीकडे गेली.

त्यानं काय पाहिलं ते मी कसं सांगू? चिखलाची फडकी घेऊन किल्ल्यातून बाहेर आलेल्या बायका त्याला दिसल्या असतील असं मला वाटतं, पण हा माझा तर्क आहे. एवढं मात्र खरं की त्याची मूठ फिरली, आणि माझं टोक खाली आलं.

"हरिबा!" गहिनीनाथ ओरडला.

फरशी फुटली. आवाज असा झाला की छपरावरची पाखरं उडाली. चिरेतून आधी फस्सकन हवा आली आणि पाठोपाठ पाणी आलं, गार, गढूळ, पुरुषभर उंच. मग त्या बायका धावल्या. लोटे, घमेली, पदर, जे मिळेल ते त्यांनी पुढं केलं. शिपायानं बंदूक भिंतीला टेकवली आणि ओंजळ धरली. कचेरीतला कारकून, पेशकार, धावला. सरकारी वकिलानं टोपी काढून ती भरली. शेवटी न्यायाधीश पायऱ्या उतरून आले, वाकले, आणि दोन्ही हातांनी प्याले. त्यांची पांढरी दाढी ओली झाली. त्या अंगणात त्या घटकेला कुणी हसत होतं, कुणी रडत होतं. एकटा गहिनीनाथ पायरीवर डोकं धरून बसला होता, आणि सुंदरराव भिंतीकडे तोंड करून उभे होते.

पाणी पिऊन झाल्यावर सगळे आत गेले आणि निकाल झाला.

न्यायाधीश म्हणाले, "मी हे पाणी प्यालो आहे. ते गोड आहे, हे मी नाकारणार नाही. पण तख्ताचा कायदा वस्तूनं काय केलं ते विचारत नाही. ती काय करू शकते तेवढंच विचारतो. ज्यानं हा दगड फुटला त्यानं याच कचेरीची भिंतही फुटेल. हत्यार जागतं आहे. ते तख्तजमा व्हावं. हरिबाला कैद." एवढं बोलून त्यांनी कायद्याच्या पुस्तकाचं पान उलटलं. मग खाली बघत, हळू आवाजात त्यांनी पुढचं वाचलं. जागत्या हत्यारानं जे मिळतं ती लूट, आणि लूटही तख्ताचीच, असं त्याच कायद्यात लिहिलेलं होतं. तेव्हा अंगणातलं पाणीही जप्त.

संध्याकाळच्या आत शिपायांनी त्या चिरेवर मोठी शिळा बसवली, सांधे चुन्यानं भरले आणि चुन्यावर मोहोर उठवली. बायका बाजूला उभ्या राहून बघत होत्या. त्यांच्या लोट्यांतलं पाणी मात्र कुणी काढून घेतलं नाही. तेवढी माणुसकी त्या शिपायांत होती.

हरिबाला नेताना रतनबाई आडवी आली. "आबा, आडवा मारायचा ठरलं हुतं ना? कावून न्हाई मारला?"

"मारायचाच हुता ग. हात ऐकला न्हाई."

"आन् आपली हीर? आपली मान्सं?"

हरिबानं तिच्या डोक्यावरचा पदर सारखा केला. शिपायानं हळूच त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तो चालू लागला. त्यानंतर मी त्याला पाहिलं नाही. तो कैदेतच वारला, असं मालखान्यात दोन शिपाई बोलताना मी ऐकलं. एक म्हणाला, "लई दिस काढले म्हाताऱ्यानं." दुसरा म्हणाला, "चाबी कुठं ठिवली बे?" आणि विषय संपला.

तीन शिवांवरची ती विहीर तशीच राहिली. पाषाण पहारीनं फोडायचा लोकांनी खूप प्रयत्न केला. हातभरच होता तो. पण काळा होता, अंगातलं पाणी आटेपर्यंत घण घातले तरी त्याच्यावर पांढरा ओरखडा उठायचा तेवढाच. पुढं लोक घरं बंद करून निघून गेले, कुणी गोदाकाठी, कुणी त्याच्याही पलीकडे. छबुबाई जायला तयार नव्हती. तिला खाटेवर घालून नेलं, आणि ती तेलगावच्या पुढे पोचली नाही. सोसायटीच्या पाटीचं लाकूड कुणीतरी चुलीत घातलं. सुंदररावांनी तख्ताकडे दाद मागितली. एकदा मागितली, परत मागितली, केस पांढरे होईस्तोवर मागत राहिले. कायद्याचा फेरविचार चालू आहे, एवढंच उत्तर यायचं. शेवटी शेवटी ते इथं यायचे, मालखान्याच्या गजांना धरून माझ्याकडे बघत उभे राहायचे आणि निघून जायचे. मग तेही यायचे थांबले.

इथं मी एकटा नाही. शेजारी एक कट्यार आहे. तिच्या पात्याला अशी ऊब आहे की थंडीत एक अख्खी धर्मशाळा तिच्याभोवती झोपली असती. पलीकडे एक धनुष्य आहे, त्याचा बाण सुटला की वारा दिशा बदलतो. ढग वळवायला ते बरं पडलं असतं. सगळ्यांच्या गळ्यात बिल्ले आहेत. धुळाजी नावाचा एक राखणदार होता. तो खंडेनवमीला आम्हाला तेलाचा हात फिरवायचा, एक झेंडूचं फूल ठेवायचा. तो गेला. नंतरचे राखणदार कुलूप तेवढं ओढून बघतात.

मागच्या उन्हाळ्यात रतनबाई आली. मी तिला ओळखलं नाही, इतकी ती वाळली होती. नव्या राखणदारापुढे हात जोडून ती म्हणाली, "साहेब, भाला नगं मला. त्येची काठी तेवढी द्या. काठीत मंत्र न्हाई, बाभळीची हाय. माझ्या बापानं तासली हुती."

राखणदार भला होता. त्यानं कायद्याचं पुस्तक काढलं, वाचलं, वरच्यांना विचारून आला. लाकूड हे हत्यार नाही, असं निघालं. त्यानं मला खुंटीवरून काढलं, खिळा उपसला आणि पातं वेगळं केलं. रतनबाईनं काठी हातात घेतली. तिच्यावर एके ठिकाणी, वर्षानुवर्षं मूठ धरून, लाकूड गुळगुळीत झालं होतं. तिनं आपली मूठ बरोबर तिथं ठेवली. मग काठी टेकत टेकत ती मालखान्याच्या दारातून बाहेर गेली, आणि काठीचा आवाज फाटकापर्यंत मला ऐकू येत राहिला. राखणदारानं मला परत खुंटीला बांधलं. आता मी नुसतं पातं आहे. मला धरायचं म्हटलं तरी कुठं धरणार?

मित्रांनो, माझं जे व्हायचं ते झालं. माझ्यासाठी काही मागत नाही. पण तुमच्या हाती कधी एखादं जागतं, भीतीदायक काहीतरी आलं, तर त्याला कुलपात घालण्याआधी ते कुणाच्या हातात होतं आणि तो हात काय करत होता, एवढं विचारा. कुलपात ठेवलेली वस्तू सुरक्षित असते असं म्हणतात. ती सुरक्षित नसते, ती गंजते. आणि तिच्यावाचून बाहेर जे मरतं ते कुठल्याही मुद्देमालात जमा होत नाही.

यंदाही पाऊस नाही. खिडकीखालच्या रस्त्यानं माणसं रिकाम्या घागरी घेऊन जातात. त्यांच्या पायाखाली कुठं कुठं पाणी आहे ते मला इथून ऐकू येतं. आत्ताच एक बाई दम खायला थांबली आहे, घागर खाली ठेवून. तिच्या घागरीखाली, फार खोल नाही, एक मोठा झरा वाहतो आहे. ती उठली. घागर डोक्यावर घेतली. चालली.